अर्धं पाऊल पुढचा उजेड

संशय मला वडिलांकडून मिळाला. वडील झाशी स्टेशनच्या पार्सल ऑफिसात होते आणि कोणाचीही पेटी ताब्यात घेण्याआधी ती कानाशी धरून हलवून बघायचे. घरी पाहुण्यांनी मिठाईचा डबा आणला तरी हात तोच. बायको म्हणते, मी त्यांच्याही वरताण निघालो, कारण त्यांना निदान पेट्यांचाच संशय यायचा. तेव्हा ज्या दिवशी माझा दिवा माझ्या हातातून काढून घेतला गेला, त्या दिवसापासून मी आजूबाजूच्या प्रत्येक माणसाला मनातल्या मनात हलवून बघायला लागलो, यात नवल नाही.

माझं काम फॉलो स्पॉटचं. मोठ्या कार्यक्रमात स्टेजवर अंधार होतो आणि गाणाऱ्याच्या अंगावर उजेडाचं एक गोल वर्तुळ तेवढं राहतं. गाणारा फिरतो तसं ते फिरतं. लोकांना वाटतं ते आपोआप होतं. पण प्रेक्षकांच्या मागे मचाण असतं आणि त्यावर एक माणूस तापलेला, जडशीळ दिवा दोन्ही हातांत धरून बसलेला असतो. सव्वीस वर्षं तो माणूस मी होतो. सुरुवात मानिक चौकातल्या एका टेंटवाल्याकडे झाली, मग दिल्लीच्या लाइटवाल्यांकडे, आणि शेवटची बारा वर्षं एकाच गायिकेबरोबर गावोगाव. तिला सगळे दीदी म्हणतात. तोंडावर मीही दीदीच म्हणायचो. इथे मराठीत लिहितोय, तर बाई म्हणतो.

बारा वर्षांत बाई माझ्याशी फार तर वीस वाक्यं बोलल्या असतील. तरी त्यांना माझ्याइतकं कोणी ओळखत नाही, असा माझा पक्का समज होता. ज्या उस्तादांकडे मी हे काम शिकलो ते सांगायचे की माणसाच्या मागे धावायचं नाही, अर्धं पाऊल पुढे राहायचं. मी तसाच राहिलो. बाई डावीकडे वळणार हे मला त्यांच्याआधी कळतं, असं मी चारचौघांत छातीठोकपणे सांगायचो. एकदा भर गाण्यात मला शिंक आली, हात सटकला, वर्तुळ भलतीकडेच गेलं आणि नेमक्या त्याच क्षणी बाईही तिकडेच वळल्या. हा किस्सा मी शंभरदा सांगितला असेल. माझी शिंकसुद्धा बाईंना बरोबर ओळखते म्हणायचो, आणि लोक हसायचे.

मग कार्यक्रम भरवणाऱ्या कंपनीने नवी व्यवस्था आणली. दिवा वर, स्टेजवरच्या लोखंडी सांगाड्याला टांगलेला, आणि त्याच्या शेजारी कॅमेरा. मी मात्र खाली, स्टेजच्या मागे, काळ्या पडद्याच्या खोपटात. समोर स्क्रीन आणि हातात स्कूटरच्या हँडलसारखं हँडल. मी हँडल वळवायचं, वर दिवा वळायचा. एवढ्यावर थांबले असते तर मी काही बोललो नसतो. मचाणाच्या शिड्या चढून गुडघे कुरकुरायला लागलेच होते. पण बाईंच्या कमरेला काडेपेटीएवढा एक टॅग लावायला लागले. तो टॅग बाई कुठे उभ्या आहेत हे क्षणाक्षणाला कळवतो, आणि एक बटण दाबलं की दिवा माणसाशिवाय त्या टॅगमागे फिरतो. दोन महिने हँडल मी चालवायचं आणि टॅगने नुसती नोंद ठेवायची, असं ठरलं. फेरीतला शेवटचा कार्यक्रम झाशीत होता. तिथे पहिला अर्धा भाग टॅगवर, दुसरा माझ्या हातावर, आणि मग अहवाल. पुढच्या फेरीत मी असणार की नाही, ते त्या अहवालावर ठरणार होतं.

अहवाल लिहिणारी इंजिनिअर पुण्याची होती, पस्तिशीची. माझ्याच खोपटात, माझ्या डाव्या हाताला लॅपटॉप उघडून बसायची. मला काका म्हणायची, तेही मला खटकायचं. झाशीत परका माणूस भैया म्हणतो, त्यात अंतर राहतं. काका म्हटलं की माणूस घरात शिरतो. तिच्या स्क्रीनवर दोन रेषा वळवळत असायच्या, एक हिरवी आणि एक पांढरी. मी मान वळवली की ती खिडकी बंद करायची. मी ओळखलं, ही माझा हात उतरवून घेतेय. सव्वीस वर्षांचा हात दोन महिन्यांत त्या डब्यात भरायचा आणि मग मला नमस्कार करायचा. मी तिच्यासमोर डबा उघडून जेवेनासा झालो. कधीकधी मुद्दाम हँडलला उगाच हिसके द्यायचो, म्हणजे नोंदीत घोळ व्हावा. मुळात मी खोडसाळ नाही, पण भीतीने माणूस काहीही करतो.

बाईंचाही संशय यायला लागला होता. या वर्षी त्यांचे नखरे वाढले होते. स्टेजच्या कडेची पांढरी पट्टी दुप्पट रुंद करा, मधली पायरी काढून टाका, चढताना कोणीतरी हात द्या. मला वाटलं, यांनीच कंपनीला सांगितलं असणार की हा म्हातारा काढा.

झाशीत पोचलो तेव्हा बायकोने माझ्या डोक्याला आणखी एक ताप करून ठेवला. फोनवर मी चुकून बोलून गेलो होतो की इंजिनिअर पुण्याची आहे. आमच्याकडे ही पद्धतच आहे. झाशीत कोणी मराठी बोलणारं येऊन गेलं आणि आपल्या घरी जेवलं नाही, तर उरलेली मराठी घरं महिनाभर तोंड सोडतात. कारखान्यात बदलून आलेले इंजिनिअर असोत की बँकेतले, पहिलं जेवण कोणाकडे यावरून इथे रुसवेफुगवे झालेले आहेत. तेव्हा कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी ती इंजिनिअर प्रेमनगरच्या आमच्या दोन खोल्यांत, पाटावर बसून, आमटीभात जेवत होती आणि मी समोर मख्ख बसलो होतो.

"अगं, संकोच नको करू," बायको म्हणाली. "इथे मराठी बोलायला मिळतंच कुठे? मुलंसुद्धा समजतात सगळं, पण जवाब हिंदीत. अहो, त्या फडताळातलं लोणचं द्या तिला."

"फडताळ?" ती हसली. "हा शब्द मी पुस्तकातच वाचलाय, काकू."

"पुण्यात फडताळं नाहीत?"

"आहेत, पण आम्ही कपाट म्हणतो."

दोघींचं मस्त जुळलं. मी लोणचं वाढलं. हात धुताना ती माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "काका, एक विचारू? बाईंचे डोळे कसे आहेत?"

माझे कान टवकारले. बाईंबद्दल माझ्या तोंडून काहीतरी वदवून घ्यायचं आणि अहवालात माझ्या नावावर घालायचं, हा डाव मला तत्काळ दिसला.

"छान आहेत," मी म्हणालो. "काळेभोर."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग बायकोला नमस्कार करून निघून गेली. "किती गोड मुलगी," बायको म्हणाली. "आणि तुम्ही तोंड असं केलं होतं, जसं काही ती वसुलीला आली होती."

चार वाजता मैदानावर तालीम झाली. लख्ख उन्हात बाई स्टेजभर फिरल्या आणि टॅगच्या हुकमाने दिवा त्यांच्यामागे अचूक फिरला. कंपनीचा माणूस खूश झाला. म्हणाला, "देखा भैया, मक्खन." मी म्हटलं, "जी." मला त्या दुपारी आपलं म्हातारपण प्रत्यक्ष भेटल्यासारखं वाटलं आणि फार वाईट वाटलं. आपल्याच गावात, आपल्याच माणसांसमोर आपण बिनकामाचे ठरणार, ही एकच गोष्ट डोक्यात घुमत होती. सदर बाजारातले दोन-तीन ओळखीचे तिकिटं काढून येणार होते. त्यांना मी आधीच सांगून ठेवलं होतं की दिवा माझा आहे.

सात वाजता कार्यक्रम सुरू झाला. पहिल्या गाण्यात सगळे दिवे लागलेले होते, तिथे काही कळलं नाही. दुसरं गाणं संथ. बाकी दिवे गेले, वर्तुळ उरलं, बाई मधोमध. मी हात मांडीवर ठेवून बसलो होतो. या गाण्यात दुसऱ्या कडव्याला बाई चालत उजवीकडे येतात, बारा वर्षं येतात. दुसरं कडवं आलं. बाई जागच्या हलल्या नाहीत. वर्तुळही हललं नाही, कारण ते टॅगच्या मागे आणि टॅग बाईंच्या कमरेला. तिसऱ्या गाण्यातही तेच. बाहेर टाळ्या पडत होत्या. लोकांना वाटलं असेल, काय गंभीरपणे गातेय.

मग मी स्क्रीनकडे नीट बघितलं. मचाणावरून मला बाई अंगठ्याएवढ्या दिसायच्या. कॅमेरा आल्यापासून त्या जवळ आल्या होत्या, पण माझं लक्ष कायम त्यांच्या खांद्यांकडे असायचं. त्या दिवशी हात रिकामे होते म्हणून नजर खाली गेली. साडीच्या काठाखालून बाईंचा उजवा पाय पुढे सरकत होता. चवडा जमिनीवर घासत, थोडा पुढे, थोडा बाजूला, आणि परत मागे. लाइट गेल्यावर घरात माणूस देवघराचा उंबरा शोधतो, तसा.

"काका," इंजिनिअर कुजबुजली. "हँडल घ्या. आत्ता."

पहिला अर्धा भाग टॅगचा होता. त्यात मी हात घातला तर नोंदीत दिसणार की ऑपरेटरने चाचणी बिघडवली. मी तिच्याकडे वळलो आणि जे बोललो त्याची मला आजही लाज वाटते. मी म्हणालो, "मॅडम, हे लिहून द्याल का?"

तिने नुसतं बोट स्क्रीनकडे दाखवलं. बाईंनी अखेर धीर करून पाऊल टाकलं होतं, आणि ते उजवीकडे नव्हतं, सरळ पुढे होतं, कडेच्या दिशेने. टॅगचं वर्तुळ मुकाट त्यांच्याबरोबर पुढे सरकलं. तिने बटण दाबून दिवा टॅगपासून सोडवला. मी हँडल धरलं आणि वर्तुळ उजवीकडे ओढलं. बाई वळल्या आणि उजवीकडे आल्या. मी थांबलो, त्या थांबल्या. मग मी एक गोष्ट केली जी कधी केली नव्हती. वर्तुळ मागे नेलं, तबल्यापाशी, जिथे या गाण्यात बाई बारा वर्षांत एकदाही गेलेल्या नाहीत. बाई गात गात तबल्यापाशी आल्या.

म्हणजे मी बाईंना ओळखत नव्हतो. बाई मला ओळखत होत्या. अंधारात त्यांना दिसत नव्हतं, कधीपासून ते देव जाणे, आणि जिथे उजेड पडेल तिथे जमीन आहे एवढं त्या धरून चालत होत्या. ती शिंकसुद्धा. मी शंभरदा सांगून हसवलेला तो किस्सा म्हणजे एक आंधळी बाई माझ्या शिंकेमागे विश्वासाने गेली होती, एवढाच होता.

उरलेला सगळा कार्यक्रम मी हाताने चालवला. कंपनीच्या माणसाने आत डोकावून विचारलं, "क्या हुआ?" इंजिनिअर त्याच्याकडे न बघता म्हणाली, "टैग की बैटरी में दिक़्क़त है, सर." मी तेव्हाही मनात म्हटलं, ही खोटं का बोलतेय.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मैदानावर गेलो. सामान बांधायला घेतलं होतं. तिने मला खोपटात बसवलं आणि पहिल्यांदाच लॅपटॉप माझ्याकडे वळवला. हिरवी रेषा दिव्याची, पांढरी बाईंची. दोन महिन्यांचे सगळे कार्यक्रम, आणि प्रत्येकात हिरवी आधी वळते, पांढरी मग. एकदाही उलट नाही.

"हे तुम्हाला कधी कळलं?" मी विचारलं.

"तिसऱ्या कार्यक्रमात. तुम्ही मुद्दाम हिसके द्यायचात ना, तेव्हा बाईपण हिसका बसल्यासारख्या चालायच्या. मला आधी वाटलं तुम्हाला माहीत आहे आणि तुम्ही लपवताय. म्हणून मी खिडकी बंद करायचे. काल घरी विचारलं, तर तुम्ही म्हणालात काळेभोर."

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. माझ्या हिशोबी डोक्याने दिलेले ते हिसके. तिच्या मनात माझ्याबद्दल संशय आणि माझ्या मनात तिच्याबद्दल, आणि मधल्या मधे बाई स्टेजच्या कडेला.

"हे पान मी अहवालाला जोडलं," ती म्हणाली, "तर तुम्ही राहता. माणूस लागतो हे सिद्धच होतं. पण मग हे कार्यक्रमाच्या विमावाल्यांकडेही जाईल. अंधारात न दिसणाऱ्या बाईंना ते स्टेजवर उभं राहू देणार नाहीत. मला एकटीने ठरवता येईना, काका. तुमच्या पोटाचा प्रश्न आहे."

मी लगेच काही थोरपणा केला नाही, तो इथे लिहिला तर खोटं होईल. आधी मी विचारलं, "आधीच पाठवलं तर नाहीस ना?" ती नाही म्हणाली. मग बराच वेळ, मनापासून, मला वाटत होतं की म्हणावं, जोड. सव्वीस वर्षं काम केलंय, कोणाचं काय वाकडं केलंय? बाई साठीला आल्या आहेत, घरी बसून रियाज करतील. हे सगळं मी मनात म्हटलं. पण तो साडीखालून चाचपडणारा पाय डोळ्यांसमोरून जाईना.

"पान काढून टाक," मी म्हणालो. "पण मग त्यांना चालवणार कोण? टॅग तर त्यांच्याच मागे जातो."

मार्ग तिला ठाऊक होता, पण तो मला सांगायला तिची जीभ रेटत नव्हती. शेवटी तो मीच बोललो. प्रत्येक गाणं वादकांच्या कानातल्या हेडफोनमध्ये वाजणाऱ्या ठोक्यावर चालतं, रोज त्याच लयीत. माझं वर्तुळ एकदा त्या लयीवर नोंदवून ठेवलं तर दिवा रोज तसाच फिरेल, आणि बाई त्याच्यामागे चालतील.

"म्हणजे तुमचा हात उतरवून घ्यायचा," ती म्हणाली.

"हो. घे."

स्टेज दोनला उतरवणार होते. आम्ही पडदे ओढून घेतले, स्पीकरवर एकेक गाणं लावलं आणि रिकाम्या स्टेजवर मी अठरा गाणी चालवली. कुठे वळायचं, कडेपासून किती लांब राहायचं, कुठे थांबून दोन श्वास द्यायचे. आयुष्यात इतक्या काळजीने हँडल धरलं नव्हतं. स्टेजवर कोणी नव्हतं आणि तरी मी दर वळणावर बघत होतो, मागून येतायत ना. शेवटचं गाणं झाल्यावर तिने अहवालात लिहिलं की पुढच्या फेरीला ऑपरेटरची गरज नाही. ते लिहिताना तिने माझ्याकडे पाठ केली होती. बाईंना तिने एवढंच सांगितलं की यापुढे उजेड रोज एकाच वाटेने जाईल. बाई गाडीत बसताना मला म्हणाल्या, "भैया, अगली बार मिलते हैं." मी म्हटलं, "जी, दीदी."

आता मी झाशीतच असतो. कॉलेजांची स्नेहसंमेलनं, लग्नं, जे मिळेल ते. बायकोला बरं वाटतं. गेल्या महिन्यात एका रविवारी दुपारी ती मटार सोलत होती आणि मी फोनवर बाईंच्या कुठल्याशा कार्यक्रमाचा व्हिडिओ लावला. दुसरं गाणं. वर्तुळ उजवीकडे निघालं, बाई अर्धं पाऊल मागे. बायकोला म्हटलं, हा माझा हात आहे बघ. ती म्हणाली, "हो, तोच अडेलपणा." मला इतका आनंद झाला की काय सांगू.

सहाव्या गाण्यात पहिल्या रांगेतून कोणीतरी गजरा वर धरला. बाई वाकल्या आणि चाचपडत तो घेतला. तेवढ्यात वर्तुळ पुढे गेलं. माझ्या हाताने त्या रिकाम्या स्टेजवर जसं गेलं होतं तसंच, लयीत, न चुकता, तीन पावलं पुढे, तिथे कोणी नसताना. बाई गजरा घेऊन उठल्या तेव्हा अंधारात होत्या. त्या उभ्याच राहिल्या. गाणं सोडलं नाही, पण उभ्या राहिल्या. मग अंधारातून घाईने पाय टाकत उजेडापर्यंत गेल्या आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी लगेच पुण्याला फोन लावला. इंजिनिअरला सांगितलं, सहाव्या गाण्यात मला थांबायला लाव.

"किती सेकंद, काका?" तिने विचारलं.

मला सांगता येईना. वर्तुळ कुठे जाणार हे ठरवायचो मी, हे आता मला मान्य होतं. पण बाई मागे राहिल्या की मी थांबायचो, आणि त्या येईपर्यंत थांबायचो. तेवढं एक काम मी बारा वर्षं खरंच केलं होतं, आणि ते त्या दिवशी रिकाम्या स्टेजवर करून दाखवायला समोर कोणी नव्हतं.

"काका, ऐकताय ना? किती?"

"त्या उठेपर्यंत," मी म्हणालो.